साक्षीदार दाराबाहेर

पूर्वपक्ष आधी त्याच्या पूर्ण ताकदीनिशी मांडला पाहिजे, कारण तो मांडणारी माणसं दुष्ट नाहीत. अतिदक्षता विभागात काम करणाऱ्या कुठल्याही डॉक्टरला किंवा सिस्टरला विचारा. ते सांगतील: आत आठ-दहा पेशंट, प्रत्येकाच्या अंगावर नळ्या, कुठलं ना कुठलं यंत्र सतत ओरडतंय. अशात नातेवाइकांचं काय काम? मॉनिटरवरचे आकडे त्यांना कळत नाहीत, पण आकडा जरा हलला की घाबरतात. बाहेरून जंतू आणतात. एकाला सांगितलेलं दुसरा पुन्हा विचारतो, तिसरा मोबाइलवर रेकॉर्ड करतो आणि चौथा नगरसेवकाला फोन लावतो. काही बरंवाईट झालं की काचा फुटतात. डॉक्टर आणि रुग्णालयांवरच्या हल्ल्यांविरुद्ध २०१० साली महाराष्ट्राला स्वतंत्र कायदा करावा लागला, तो उगाच नव्हे. तेव्हा नातेवाइकांनी बाहेर बसावं, बोलावलं की यावं, दाखवतील तिथे सही करावी आणि बाकी सगळं डॉक्टरांवर सोपवावं.

हे मत फक्त डॉक्टरांचं आहे असं समजू नका. अतिदक्षता विभागाबाहेर चार रात्री काढलेल्या कुणाशीही बोला. "जास्त विचारलं की चिडतात, आणि राग निघतो तो आपल्या पेशंटवर," ही भीती तिथे सगळ्यांना पाठ असते. समंजस नातेवाईक म्हणजे गप्प बसणारा नातेवाईक, हा अलिखित करार दोन्ही बाजूंना मान्य आहे. माझा वाद या कराराशी आहे. तो सोयीचा असेल. पण ज्याच्यासाठी एवढा खटाटोप चाललाय त्या पेशंटच्या हिताचा नाही, आणि शास्त्राला किंवा कायद्यालाही धरून नाही.

नातेवाइकांना वैद्यक कळत नाही, म्हणून सांगण्यासारखं त्यांच्याकडे काही नाही, हे यातलं पहिलं गृहीतक. त्याचा पहिला अर्धा भाग खरा आणि दुसरा साफ खोटा. वैद्यकाची सुरुवात पेशंटची हकिगत ऐकण्यापासून होते. अतिदक्षता विभागात हकिगत सांगणाऱ्याच्याच घशात नळी असते, झोपेची औषधं चालू असतात, नाहीतर संसर्गाने त्याला भ्रम झालेला असतो. मग ती हकिगत कुणाकडे उरते? दाराबाहेर स्टीलच्या खुर्चीवर मांडीवर डबा घेऊन बसलेल्या माणसाकडे.

कंपवाताचं उदाहरण घ्या. न्यूमोनिया झाला म्हणून वडिलांना दाखल केलंय. त्यांची लेव्होडोपाची गोळी वर्षानुवर्षं ठरल्या वेळी चालू आहे. दाखल करतानाच्या धांदलीत ती कुणी सांगितली नाही, कुणी विचारली नाही. गोळी चुकत गेली की अंग ताठरतं, गिळता येत नाही, बोलणं थांबतं. एकदम बंद झाली तर तापासह जिवावर बेतणारी अवस्थाही येऊ शकते. त्यात रात्री बडबडायला लागले म्हणून हॅलोपेरिडॉल दिलं, किंवा उलट्या होतात म्हणून मेटोक्लोप्रमाइड, तर ही दोन्ही औषधं मेंदूत डोपामिनलाच अडवतात आणि कंपवात आणखी बिघडतो. फाइलमध्ये नोंद होते ती 'प्रतिसाद कमी' एवढीच. हे टाळायला मुलीचं एक वाक्य पुरतं: "बाबांची पार्किन्सनची गोळी दिली का? ती सकाळी सहाला असते."

दुसरं उदाहरण घराघरांत दबक्या आवाजात बोललं जातं. रोज संध्याकाळी 'थोडी' घेणारा माणूस अपघात होऊन दाखल होतो. दारू अचानक तुटली की दोन-तीन दिवसांत थरथर, घाम, भास, कधी झटके सुरू होतात. डॉक्टर मेंदूचा सीटी काढतात, संसर्ग शोधतात. बायकोला कारण ठाऊक असतं. पण "काही व्यसन?" हा प्रश्न विचारला गेला तेव्हा शेजारी सासरे उभे होते, दीर उभा होता, आणि ती "नाही" म्हणून मोकळी झाली. तिला कुणी दोन मिनिटं बाजूला घेऊन विचारलं असतं, किंवा तिनेच सिस्टरला गाठून सांगितलं असतं, तर अर्ध्या तपासण्या वाचल्या असत्या. पेशंटची बाजू मांडायची म्हणजे आवाज चढवायचा असं आपल्याकडे उगाच मानतात. कधी घराची लाज गुंडाळून खरं ते सांगणं एवढीच ती बाजू असते.

आणि चष्मा, कवळी, श्रवणयंत्र! दाखल करताना या वस्तू पिशवीत घालून नातेवाइकांच्या हवाली होतात आणि घरच्या कपाटात जाऊन पडतात. मग पंचाहत्तरीच्या आजींना कुणी विचारतं, "आजी, आज वार कोणता?" त्यांना प्रश्नच ऐकू आलेला नसतो. त्या छताकडे बघत राहतात आणि डिलिरियमची, म्हणजे भ्रमाची, नोंद होते. जगभरच्या अतिदक्षता विभागांत आज इंग्रजी 'ए' ते 'एफ' अशा सहा अक्षरांत बांधलेली उपचारांची चौकट शिकवतात: वेदना मोजा, झोपेचं औषध रोज थोडा वेळ थांबवून पाहा, भ्रम वेळीच ओळखा, पेशंटला लवकर हलवा, आणि असंच. त्यातलं शेवटचं 'एफ' फॅमिलीचं आहे. ते भूतदयेपोटी जोडलेलं नाही, उपचाराचा भाग म्हणून घातलेलं आहे.

यापेक्षा मोठी गोष्ट पुढे आहे. वृद्ध पेशंटचं पुढे काय होईल याचा अंदाज बांधायला डॉक्टर 'फ्रेल्टी स्केल' वापरतात. तिच्या नऊ पायऱ्या आहेत, धडधाकट माणसापासून मरणासन्न माणसापर्यंत. पेशंट कुठल्या पायरीवर आहे हे आज पलंगावर तो कसा दिसतो यावरून ठरवायचं नसतं. आजार सुरू होण्याआधी साधारण दोन आठवडे तो कसा होता यावरून ते ठरतं. बाजारातून भाजी आणत होता की न्हाणीघरापर्यंत जायला हात धरावा लागत होता? हे कुठल्याही रक्तात दिसत नाही, कुठल्याही स्कॅनमध्ये उमटत नाही. शेजारच्या खोलीत झोपणाऱ्या माणसाला ते माहीत असतं, आणि त्यालाच आपण दाराबाहेर बसवलेलं असतं.

आता जंतूंचं. नातेवाईक आत आले की संसर्ग वाढतो, हे इतक्या आत्मविश्वासाने सांगितलं जातं की पुरावा मागायचं कुणाला सुचत नाही. इटलीतल्या एका हृदयरुग्णांच्या अतिदक्षता विभागात काही महिने भेटीवर कडक बंधनं आणि काही महिने मोकळीक, असं आलटून पालटून करून पाहिलं. निष्कर्ष २००६ साली छापून आले. मोकळ्या काळात हवेतले जंतू खरोखर वाढलेले आढळले. पण पेशंटना होणारा संसर्ग वाढला नाही, आणि हृदयाच्या गुंतागुंती उलट बंधनांच्या काळातच जास्त झाल्या. ब्राझीलमधला प्रयोग याहून मोठा, ३६ अतिदक्षता विभागांचा, २०१९ साली प्रसिद्ध झालेला. एका बाजूला दिवसाला बारा तासांपर्यंत थांबायची मुभा, दुसऱ्या बाजूला नेहमीची जेमतेम दीड तासाची भेट. संसर्ग वाढला नाही. कर्मचाऱ्यांचा शीणही लक्षात येईल इतका वाढला नाही. नातेवाइकांची चिंता आणि खिन्नता मात्र स्पष्ट कमी झाली. या प्रयोगाची मुख्य आशा होती पेशंटचा भ्रम कमी होण्याची, आणि ती पुरी झाली नाही. दोन्ही गटांत प्रमाण जवळजवळ सारखंच राहिलं. नातेवाईक जवळ बसला की पेशंट बरा होतो असं म्हणणाऱ्यांनी हेही वाचावं. माझा दावा तेवढा नाहीच. 'दार उघडलं तर पेशंट मरतील' हे भय निराधार आहे, इतकंच मी म्हणतोय. एक गोष्ट सहसा सांगितली जात नाही: ब्राझीलमध्ये नातेवाइकांना नुसतं आत सोडलं नव्हतं. आधी बसवून यंत्रं कसली, हात कसे धुवायचे, भ्रम म्हणजे काय, हे शिकवलं होतं.

अतिदक्षता विभागातला संसर्ग शिरतो तो मुख्यतः मानेतल्या नळीवाटे, लघवीच्या नळीवाटे, श्वासनलिकेवाटे, आणि एका पेशंटवरून दुसऱ्यावर जाणाऱ्या न धुतलेल्या हातांवाटे. काका एकाच पलंगाशी उभे असतात; ते पाच पलंग फिरत नाहीत. सर्दी-खोकला असलेल्याने आत जाऊ नये, ज्यांची प्रतिकारशक्ती औषधांनी पार खाली आणली आहे अशा पेशंटजवळ गर्दी नको, हे अर्थातच. पण नियम करणं वेगळं आणि दार बंद करणं वेगळं.

जागेची अडचण मात्र खरी आहे. सरकारी रुग्णालयातल्या एका लांबलचक हॉलमध्ये दोन पलंगांत हातभर अंतर, सिस्टर मोजक्या, आणि पडदा ओढला तर शेजारच्या व्हेंटिलेटरला अडकतो. तिथे बारा तास कोण कुठे बसणार? मान्य. पण याच रुग्णालयाच्या जनरल वॉर्डात बघा. पेशंटची कूस बदलणारी बायको, रक्ताची बाटली आणायला रक्तपेढीकडे पळणारा भाऊ, रक्ताचा नमुना घेऊन प्रयोगशाळेत जाणारा मुलगा, बाहेरच्या दुकानातून इंजेक्शन आणणारा मेहुणा. नातेवाइकाच्या पायांवर अख्खं रुग्णालय चालतं. तोच माणूस अतिदक्षता विभागाच्या दाराशी पोचला की एकदम जंतूंचा वाहक ठरतो. पाय चालतात, तोंड चालत नाही! ही जागेची अडचण नव्हे, नजरेची आहे.

कायद्याकडे वळू. इथे दोन्ही पक्षांचा गैरसमज आहे, आणि नातेवाइकांचा जास्त. "आम्ही सही केली, म्हणजे आम्ही मालक," असं त्यांना वाटतं. सर्वोच्च न्यायालयाने समीरा कोहली खटल्यात २००८ साली हे साफ मोडून काढलं. तपासणीपुरती भूल दिलेल्या स्त्रीचं गर्भाशय, बाहेर बसलेल्या आईची संमती घेऊन, काढून टाकलं होतं. न्यायालय म्हणालं: पेशंट सज्ञान, शुद्धीवर येणारच होती, तातडीचं काही नव्हतं, आईची संमती ही संमतीच नव्हे. अतिदक्षता विभागाला याचा अर्थ थेट लागू होतो. पेशंट जागा असेल, मान हलवू शकत असेल, तर पहिला प्रश्न त्याला. घशात नळी म्हणजे डोक्यात विचार नाही असं नसतं. इथे घरच्यांना एक साधं काम करता येतं. एका जाड पुठ्ठ्यावर ठळक मराठीत लिहून न्यायचं: दुखतंय, तहान लागली, कूस बदला, दिवा बंद करा, घरचे कुठे आहेत, आणि खाली बाराखडी. विभागात असलाच तर असा तक्ता बहुधा इंग्रजी असतो. आयुष्यभर नाशिकच्या द्राक्षबागेत काम केलेला माणूस 'पेन' या शब्दावर बोट ठेवेल ही अपेक्षा कुणी का करावी?

पेशंट बोलूच शकत नसेल तर त्याच्या वतीने कोण बोलणार? यावर आपल्याकडचा सर्वांत महत्त्वाचा निर्णय मुंबईच्या के.ई.एम. रुग्णालयातून आला. १९७३ साली झालेल्या अमानुष हल्ल्यानंतर अरुणा शानबाग ही परिचारिका तिथेच पडून राहिली, ती २०१५ साली मरण पावेपर्यंत. तिला मरू द्यावं अशी याचिका पिंकी विराणी यांनी केली होती. त्यांनी अरुणावर पुस्तक लिहिलं होतं आणि त्यांची कळकळ कुणी नाकारली नाही. पण २०११ साली न्यायालयाने सांगितलं की अरुणाच्या वतीने बोलण्याचा अधिकार के.ई.एम.च्या कर्मचाऱ्यांचा, कारण इतकी वर्षं रात्रंदिवस तिचं सगळं त्यांनी केलं. रक्ताचं नातं तिथे नव्हतंच. बोलण्याचा अधिकार जवळिकीतून आला. निकालातल्या बाकी गोष्टींवर वाद झाले, पुढे कायदाही बदलला, पण हे सूत्र मला आजही पक्कं वाटतं.

मग नातेवाइकांच्या बाजूने बोलणाऱ्यांचं एक प्रचलित मत आहे, त्याचाही समाचार घ्यायला हवा. "गप्प बसू नका, जाब विचारा, ओळख लावा." आपल्याकडे पेशंटची बाजू मांडण्याचा अर्थ आमदाराच्या स्वीय सहायकाचा फोन, नाहीतर दुसऱ्या शहरातल्या ओळखीच्या डॉक्टरला व्हॉट्सॲपवर पाठवलेले रिपोर्ट असा झाला आहे. ओळखीने बेड मिळतो, क्वचित बिलातून काही कमी होतं. उपचार सुधारत नाहीत. उलट डॉक्टर सावध होतो, बचावाची भाषा बोलू लागतो, नको त्या तपासण्या फाइल भरण्यासाठी लिहितो. चार नातेवाइकांनी चार डॉक्टरांना चार वेळा विचारलं तर चार उत्तरं येणार आणि पाचवी अफवा तयार होणार. घराने एकच बोलणारा माणूस ठरवावा, त्याने रोज एका वेळी भेटावं, एका वहीत तारीख घालून लिहावं, बाकीच्यांनी त्याला विचारावं. हे सांगायला सोपं, पण आपल्या कुटुंबांत अवघड, कारण इथे मान-अपमान असतो: धाकट्याला कळतं, पण बोलायचा मान थोरल्याचा.

विचारायचं काय? "पेशंट कसा आहे?" या प्रश्नाला "क्रिटिकल आहे, काही सांगता येत नाही," हेच उत्तर मिळणार; ते खोटं नसतं आणि उपयोगाचंही नसतं. त्याऐवजी: कालच्या तुलनेत आज काय बदललं? बीपीचं औषध कालच्याइतकंच आहे की वाढवावं लागलं? ही नवी नळी कशासाठी, ती घातली नाही तर काय होईल? परवापर्यंत काय दिसलं म्हणजे सुधारतंय असं तुम्ही म्हणाल, आणि काय दिसलं म्हणजे नाही? हा शेवटचा प्रश्न सर्वांत मोलाचा. रात्री दोन वाजता फोन वाजतो, "डायलिसिसला सही हवी, लवकर या," आणि झोपेतून उठलेला मुलगा लिफ्टजवळ उभ्या उभ्या 'हाय रिस्क' असं छापलेल्या कागदावर सही करतो. त्या क्षणी त्याला विचारायला सुचत नाही हे उघड आहे. पण दुपारच्या भेटीत "किडनीचं बिघडलं तर डायलिसिस करावं लागेल का, आणि केलंत तर किती दिवस करून पाहाल?" हे विचारलेलं असेल, तर रात्रीची सही समजून केलेली असते. मुदत ठरवून उपचार करून पाहण्याची ही रीत वैद्यकाला नवी नाही, अमेरिकेत तिच्यावर अभ्यासही झाले आहेत. ती मागायला डॉक्टरी शिकावी लागत नाही.

कागद मागणं हा तर निखळ हक्क. मुंबई उच्च न्यायालयाने १९९६ साली राहेजा प्रकरणात सांगितलं की केसपेपर गोपनीय म्हणून पेशंटला नाकारता येत नाहीत. वैद्यक परिषदेच्या २००२ च्या आचारनियमांनुसार मागणी केल्यापासून ७२ तासांत ते दिले पाहिजेत. महाराष्ट्रात शुश्रूषागृह नोंदणीच्या नियमांत २०२१ साली सुधारणा झाली आणि रुग्णहक्कांची सनद व दरपत्रक दर्शनी भागात लावणं बंधनकारक झालं. दराची गोष्ट मुद्दाम काढली. "याचा खर्च किती, आणि उपयोग किती?" हा प्रश्न आपल्याकडे माणसं जिभेवर येऊन गिळतात; चारचौघांत तो विचारला की बापाच्या जिवाचा हिशेब मांडला असं होतं. ज्या देशात अतिदक्षता विभागाचं बिल अनेकांना स्वतःच्या खिशातून, जमीन नाहीतर दागिने गहाण टाकून भरावं लागतं, तिथे तो प्रश्न न विचारणं हाच बेजबाबदारपणा आहे.

डॉक्टर म्हणतील, एवढं बोलायला वेळ कुणाला आहे? फ्रान्समध्ये हे मोजलेलं आहे. २००० सालच्या एका अभ्यासात दिसलं की डॉक्टरांशी बोलणं झाल्यानंतरही निम्म्याहून अधिक नातेवाइकांना निदान, उपचार किंवा पुढचा अंदाज यांतलं काही ना काही समजलेलं नव्हतं. मग २००७ साली २२ फ्रेंच अतिदक्षता विभागांत मरणासन्न पेशंटच्या घरच्यांशी बोलण्याची रीतच बदलून पाहिली: नातेवाइकाला बोलू द्यायचं, त्याच्या भावनेला नाव द्यायचं, पेशंट माणूस म्हणून कसा होता हे विचारायचं. बैठक सरासरी वीस मिनिटांऐवजी तीस मिनिटांची झाली. जादा दहा मिनिटं! त्या दहा मिनिटांच्या बदल्यात तीन महिन्यांनंतर घरच्यांतला मानसिक आघात, चिंता आणि खिन्नता ठळकपणे कमी आढळली. त्याआधी अमेरिकेतल्या अशाच बैठका ध्वनिमुद्रित करून ऐकल्या तेव्हा ७१ टक्के वेळ डॉक्टरच बोलत होते, आणि घरचे जितकं जास्त बोलले तितके ते समाधानी होते. भांडणाचं मूळ जादा बोलण्यात नाही, न ऐकलं जाण्यात आहे. काचा फोडणाऱ्याचं समर्थन मी करत नाही. पण ज्याला चार दिवस एकाच वाक्यावर बोळवलं, त्याला पाचव्या दिवशी एकदम मृत्यूची बातमी द्यायची वेळ आणू नये, एवढं रुग्णालयांच्या हातात असतं.

आणि नातेवाइकाचं "काहीतरी बिघडलंय" हे म्हणणं कधी कधी मॉनिटरच्या आधी खरं ठरतं. इंग्लंडमध्ये मार्था मिल्स ही तेरा वर्षांची मुलगी सायकलवरून पडून स्वादुपिंडाला इजा झाल्याने लंडनच्या रुग्णालयात होती. तिला रक्तातला जंतुसंसर्ग झाला. आई-वडील काळजी बोलून दाखवत राहिले, तिला वेळेत अतिदक्षता विभागात हलवलं गेलं नाही, आणि २०२१ साली ती गेली. वेळेत हलवलं असतं तर बहुधा वाचली असती, असं मृत्यूच्या चौकशीत निष्पन्न झालं. तिच्या आईने लावून धरल्यावर २०२४ पासून तिथे 'मार्थाचा नियम' लागू होऊ लागला: वॉर्डातले डॉक्टर ऐकत नसतील तर घरच्यांना थेट अतिदक्षता पथकाला बोलावून दुसऱ्या नजरेने तपासणी मागता येते, दिवसा किंवा रात्री. ऑस्ट्रेलियातल्या क्वीन्सलँड राज्यात असा नियम त्याआधीपासून आहे. नातेवाइकांना काय कळतं, हा प्रश्न तिथे निकालात निघाला आहे.

उरलेला आक्षेप सर्वांत सच्चा आहे आणि त्याला उत्तर देणं सर्वांत कठीण. तो असा: नातेवाइकांवर निर्णयाचा भार टाकणं क्रूर आहे. पुरावाही आहे. फ्रान्समध्येच २००५ साली आढळलं की पेशंट अतिदक्षता विभागात राहिल्यानंतर तीन महिन्यांनी घरच्यांपैकी ३३ टक्के लोकांत आघाताची लक्षणं होती, पण अंतिम काळच्या निर्णयात ज्यांनी भाग घेतला त्यांच्यात हे प्रमाण ८० टक्क्यांच्या वर होतं. मग त्यांना मोकळंच ठेवावं की नाही?

भार येतो तो चुकीच्या प्रश्नाचा. "नळी काढायची की ठेवायची, तुम्ही सांगा," असं विचारलं की मुलाला वाटतं, बापाचा जीव माझ्या सहीवर आहे. तो अर्थात "सगळं करा" म्हणतो, आणि बाहेर जमलेल्या नातेवाइकांनाही हेच उत्तर प्रेमाचं वाटतं. त्यात अमेरिकेतला मुलगा. पुण्या-ठाण्यात हा माणूस आता इतका सर्रास भेटतो की त्याच्यावर वेगळं लिहिता येईल: सहा वर्षांत दोनदा आलेला, व्हिडिओ कॉलवरून "नथिंग शुड बी स्पेअर्ड" म्हणणारा, आणि रोज आईचे डायपर बदलणाऱ्या बहिणीला गप्प करणारा. हा प्रकार फक्त आपला नव्हे. १९९१ सालीच अमेरिकेतल्या वृद्धवैद्यकाच्या एका नियतकालिकात 'कॅलिफोर्नियाहून आलेली मुलगी' या नावाने त्यावर लेख आला होता. प्रश्न बदलला की चित्र बदलतं. "ते आत्ता इथे बसून बोलू शकले असते तर काय म्हणाले असते?" याचं उत्तर द्यायला बहीण पुरेशी आहे, कारण ती निर्णय देत नाही, साक्ष देते. शिफारस करणं डॉक्टरचं काम, आणि ती जबाबदारी डॉक्टरांनी झटकू नये. केंद्राच्या आरोग्य सेवा महासंचालनालयाने २४ तज्ज्ञांकडून अतिदक्षता विभागात कुणाला दाखल करावं याची जी सूत्रं करून घेतली, त्यांतही पेशंटचा किंवा घरच्यांचा समजून दिलेला नकार मानायला सांगितलं आहे. म्हणजे 'नाही' म्हणता येतं, हे सरकारी कागदावर आहे.

साक्षीदारही चुकतो, हे मान्य केलं पाहिजे. घरच्यांनी वर्तवलेली इच्छा पेशंटच्या खऱ्या इच्छेशी किती जुळते, याच्या सोळा अभ्यासांचा एकत्र हिशेब २००६ साली निघाला: ६८ टक्के वेळा. तीनांत एकदा नवराही चुकतो, मुलगीही चुकते. यावर उपाय घरच्यांना बाहेर काढण्याचा नव्हे, साक्ष आधी नोंदवून ठेवण्याचा आहे. सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली 'लिव्हिंग विल'ला मान्यता दिली, पण अटी इतक्या किचकट होत्या की कुणी वाटेला जाईना. जानेवारी २०२३ मध्ये त्या सोप्या झाल्या. दोन साक्षीदार आणि नोटरी किंवा राजपत्रित अधिकारी यांच्यासमोर सही. आपण बोलू शकलो नाही तर कुणी बोलायचं त्यांची नावं, एकापेक्षा जास्त चालतात. एक प्रत घरच्या डॉक्टरकडे. वेळ आली की रुग्णालयातल्या तीन डॉक्टरांचं मंडळ शक्यतो ४८ तासांत मत देतं, मग दुसरं मंडळ ते तपासतं. गोव्यात उच्च न्यायालयाच्या न्यायमूर्ती एम. एस. सोनक यांनी २०२४ साली स्वतः असं इच्छापत्र नोंदवलं. महाराष्ट्रात ही पत्रं सांभाळणारे अधिकारी नेमले गेले, ते डॉ. निखिल दातार यांनी उच्च न्यायालयात पाठपुरावा केल्यावर. कागद तासाभरात होतो. अडतं ते नावापाशी. थोरला म्हणून थोरल्याचं नाव घालू नये. गेल्या वर्षभरात आपल्या औषधांची डबी ज्याने भरली त्याचं घालावं, मग ती सून का असेना, आणि तिला ते आधी सांगावं.